ग्रामसभा बंद, ग्रुप चालू

कोविडच्या दोन वर्षांत सरकार आणि कोकणातला माणूस एकमेकांशी बोलत होते का? जिल्ह्याच्या कचेरीत विचाराल तर भरपूर बोलत होते. रोज संध्याकाळी रुग्णसंख्येचं पत्रक, दर चार-आठ दिवसांनी नवा आदेश, सरपंचांचा ग्रुप, पोलीस पाटलांचा ग्रुप, ग्रामसेवकांचा ग्रुप. वाडीवर विचाराल तर उत्तर येतं, 'आदेश इले, पण इचारूचा कोणाक?' दोघंही खरंच सांगतात. हा संवाद एकतर्फी होता ही तक्रार तेव्हाही झाली, आजही होते. माझी तक्रार थोडी वेगळी आहे. गावात राहणाऱ्या माणसाचा आवाज त्या काळात हळूच गावाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या हातात गेला. हे कुणी ठरवून केलं नाही, म्हणून त्याचा जाबही कुणी विचारला नाही.

आधी काय बंद झालं ते पाहू. मार्च २०२० मध्ये राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. पाठोपाठ टाळेबंदी आली ती आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. दोन्ही कायद्यांचा स्वभाव हुकमी आहे. अधिकाऱ्याने सांगायचं, लोकांनी पाळायचं, न पाळल्यास तेव्हाच्या भारतीय दंडविधानाचं कलम १८८. लोकांना विचारण्याची जागा त्यांच्यात जवळजवळ नाहीच. ती जागा गावपातळीवर दुसऱ्या कायद्यात होती, ग्रामपंचायत कायद्यात, आणि नेमकी तीच बंद पडली. १७ मार्च २०२० रोजी राज्य निवडणूक आयोगाने दीड हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे ढकलल्या, मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक आले, आणि ग्रामसभाही स्थगित झाल्या. पहिल्या वर्षातला बराच काळ त्या बंदच राहिल्या.

ग्रामसभेचं फार कौतुक करायचं कारण नाही. ती कशी होते हे कोकणात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं जमली तर कोरम भरतो. तो बहुधा भरत नाही, मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची गरज नसते. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. महिलांची ग्रामसभा आधी वेगळी घ्यायची असते, ती अनेक ठिकाणी कागदावरच होते. हे सगळं मान्य. तरीही ग्रामसभेत एक गोष्ट अशी आहे की जी दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी नाही: तिथे उभा राहून प्रश्न विचारणारा माणूस त्या गावाचा मतदार असतो, त्याचा प्रश्न प्रोसिडिंग बुकात लिहावा लागतो, आणि समोर बसलेल्या सरपंचाला नि ग्रामसेवकाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. उत्तर टाळलं तर टाळल्याचंही सगळ्यांना दिसतं.

गर्दी धोक्याची होती, म्हणून बंद केली, असं याचं समर्थन होतं. पहिल्या काही आठवड्यांपुरतं ते पटतंही. पण त्याच २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची परवानगी होती. अंत्ययात्रेला २० चालत होती. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १२ हजारांवर ग्रामपंचायतींसाठी लोकांनी रांगा लावून मतदान केलं. मग २०-२५ घरांच्या वाडीने देवळासमोर अंतर ठेवून बसायला काय हरकत होती? कोकणातलं गाव म्हणजे मुळात सुट्या सुट्या वाड्यांचा समूह. एका वाडीतून दुसरीत जायला पऱ्या ओलांडावा लागतो, चढ चढावा लागतो. साथीच्या काळात लहान सभा घेण्यासाठी याहून सोयीची वस्ती महाराष्ट्रात दुसरीकडे शोधून सापडणार नाही. ग्रामसभा वाडीवार विभागून घ्या, असं एका ओळीच्या परिपत्रकाने सांगता आलं असतं. सगळा जिल्हा एकाच मापाने मोजायची सवय लागली की वाडी दिसत नाही.

ग्रामसभेच्या जागी आला ग्रुप. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रात्री निघायचा, पीडीएफ तालुक्याच्या ग्रुपवर यायची, तिथून सरपंचांच्या, तिथून वाडीच्या. वाटेत कुणीतरी पहिल्या पानाचा फोटो काढून तेवढाच पुढे पाठवायचा, त्यामुळे सवलती ज्या तिसऱ्या पानावर असत त्या तिसऱ्या पानावरच राहत. 'उपोद्घातातील संदर्भ क्रमांक ४ अन्वये' अशा भाषेतला तो मजकूर वाचून दुकान उद्या उघडायचं की नाही, हे वाण्याला कळत नसे. बऱ्याच सरकारी ग्रुपांवर लिहायची मुभा फक्त ॲडमिनला होती. जिथे सगळ्यांना होती तिथे आदेशाच्या खाली ओळीने अंगठे उमटायचे, देवाला गाऱ्हाणं घालताना मागची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात तसे. फरक एवढाच की गाऱ्हाण्यात मागणं लोकांचं असतं.

प्रश्न विचारणाऱ्याला धास्तीही होती. ग्रुपवर काही चुकीचं आलं तर ॲडमिनवर गुन्हा, असे इशारे तेव्हा सतत फिरत होते. सदस्याने काही टाकलं म्हणून एरवी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं, पण तोवर वर्ष सरलं होतं आणि वाडीच्या ग्रुपवर निकालपत्रं कोण वाचतो! 'स्वॅबचा रिपोर्ट कधी येणार?' हा प्रश्न तळकोकणात सुरुवातीला अगदी खरा होता. नमुने घाट चढून मिरजेला जात होते आणि माणूस शाळेच्या खोलीत अडकून पडत होता. पण हाच प्रश्न ग्रुपवर दोनदा विचारला की तो अफवेच्या सीमेवर पोहोचायचा. उलट बाधित माणसाचं नाव, गाव, वय असलेली यादी मात्र बिनदिक्कत फिरायची. माहिती दडवली गेली आणि माणूस उघडा पडला, दोन्ही एकाच फोनवर.

आता त्या ग्रुपवर कोण होतं, या मूळ मुद्द्याकडे येतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत, सिंधुदुर्गात १,०३६. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत घटली होती. पुरुष मुंबईत, बायका आणि म्हातारी माणसं गावात, हे कोकणाचं शंभर-दीडशे वर्षांचं गणित आहे. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. साथ येण्याच्या अगदी आधी, २०१९ मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण साठीच्या पुढे होतं. पन्नाशीच्या वरच्या बायका तर त्या मोजणीत धरलेल्याच नाहीत, आणि कोकणातलं घर सांभाळते ती नेमकी त्याच वयाची बाई.

म्हणजे गावचा कारभार ग्रुपवर गेला तेव्हा तो गावात असलेल्या बाईच्या हातून निघून गिरगाव, लालबाग, नालासोपारा, विरारला असलेल्या तिच्या दिराच्या, मुलाच्या, पुतण्याच्या फोनवर गेला. प्रत्येक वाडीचं मुंबईकर मंडळ पूर्वीपासून आहे. देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी, शाळेला पत्रे, हे सगळं मंडळाच्या वर्गणीतून होत आलं आहे आणि त्याचं मोल कमी नाही. कोविडमध्येही रुग्णवाहिकेचं डिझेल, ऑक्सिजनची यंत्रं, मास्क, धान्याच्या पिशव्या यांची जमवाजमव याच ग्रुपांनी केली. पण मंडळ पैसे देतं आणि निर्णय गावकी घेते, अशी जी काही जुनी कुरकुरती वाटणी होती, ती या काळात मोडली. ग्रामसेवकाला फोन कुणाचा येतो? आमदाराला टॅग कोण करतो? आपली बाजू कोणाला टाइप करता येते? गावात चिऱ्याच्या पायरीवर बसून क्वारंटाइनवाल्यांचे डबे मोजणाऱ्या बाईला यातलं काहीच करता येत नव्हतं.

२०२० चा गणपती आठवा. २२ ऑगस्टची चतुर्थी. जुलैपासून वाद पेटला होता: चाकरमान्यांनी कधीपर्यंत यायचं, आल्यावर किती दिवस वेगळं राहायचं, ई-पास कुणाला. तारखा रोज बदलत होत्या. कुठे गावांनी ठराव करून स्वतःची मुदत ठरवली, कुठे ग्राम कृती दलाने. शेवटी राज्याने १४ दिवसांचे १० केले, एसटीने येणाऱ्याला ई-पास माफ केला, आणि १२ ऑगस्टनंतर येणाऱ्याला चाचणी सक्तीची केली. २ सप्टेंबरपासून ई-पासच गेला. चाकरमान्याचा राग समजण्यासारखा होता. घर त्याचं, गणपती त्याचा, आणि पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करून परवानगी मागायची! खोली दहा बाय बाराची, रोजगार बंद, वर गावही दार लावून बसलेलं. गावाची भीतीही खरी होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर एक, जिल्हा रुग्णालय तीन-चार तासांवर, घरात पंचाहत्तरीचे आई-बाप. दोन्ही बाजूंना म्हणणं होतं आणि दोन्ही म्हणणी एका ठिकाणी मांडायला जागा नव्हती. जागा असती तर वाद मिटला असता असं मी म्हणत नाही. गावकीचे वाद एवढ्यात मिटत असते तर कोर्टाला काम उरलं नसतं. पण निदान 'आमका कोण इचारता' ही दोन्हीकडची भावना कमी झाली असती. झालं काय, तर ज्याच्या बाजूचे व्हिडिओ जास्त फिरले त्याची बाजू मोठी ठरली, आणि व्हिडिओ करणारे बहुतेक मुंबईकडचे होते.

पुढच्या वर्षी लसीकरणात हीच गोष्ट यंत्रणेच्या रचनेतच उतरली. १८ ते ४४ वयोगटाला १ मे २०२१ पासून लस, आणि नोंदणी फक्त कोविन संकेतस्थळावर. स्लॉट उघडला की मिनिटा-दोन मिनिटांत संपायचा. मुंबई-ठाण्याच्या आसपासच्या ग्रामीण केंद्रांवर शहरातले तरुण गाड्या घेऊन लस घ्यायला येऊ लागले, कारण वेगवान इंटरनेट त्यांच्याकडे होतं. केंद्र गावात, लस गावातल्या शीतपेटीत, टोचणारी परिचारिका गावची, आणि रांगेत गावचं कुणी नाही. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा आली, महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात या डिजिटल दरीवर सरकारला खडे प्रश्न विचारले, आणि मराठीसह प्रादेशिक भाषांतलं कोविन जूनमध्ये सुरू झालं. म्हणजे लसीकरण सुरू होऊन साडेचार महिने उलटल्यावर!

ज्येष्ठांना जाग्यावर नोंदणीची सोय आधीपासून होती, तरी घरोघर चित्र काय होतं? एका मोबाइल नंबरावर चार जणांची नोंदणी चालायची, म्हणून मुंबईतला नातू आपल्या नंबरावर आजीचं नाव घालायचा. ओटीपी परळला, आजी पाचलला. नातवाने प्रेमाने केलं, त्यात खोट काही नाही. पण सरकारच्या लेखी आजीशी झालेला सगळा संवाद, तारीख, केंद्र, दुसऱ्या डोसची आठवण, प्रमाणपत्र, नातवाच्या खिशात राहिला. नातू कामात असला की आजीचा डोस चुकायचा, आणि नोंदीत आजीला कळवल्याचं दिसायचं.

या सगळ्यात दोन्ही बाजूंनी बोलणारं एकच माध्यम गावात शिल्लक होतं: आशा, म्हणजे गावची आरोग्य सेविका. ती दारात यायची, ऑक्सिमीटर बोटाला लावायची, विचारायची, ऐकून घ्यायची, वर कळवायची, आणि वरून आलेलं पुन्हा दारात सांगायची. सप्टेंबर २०२० मधल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरचं तापमान नि आजारांची नोंद आशा आणि अंगणवाडीच्या बायकांनीच घेतली. 'लस घेतली की माणूस मरतो' या अफवेला गावात उत्तर दिलं ते कुठल्या चित्रफितीने नाही. 'मी घेतलंय, बघ, हाय ना जिती?' असं म्हणणाऱ्या बाईने दिलं. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. ज्या सरकारने संवादासाठी ॲपमागून ॲप काढले, त्याला आपला सगळ्यात चांगला संवादक मोबदल्यावर राबवून घ्यावासा वाटला, पगारावर ठेवावासा वाटला नाही.

रेंजचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण चर्चा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. सड्यावर चढल्याशिवाय दांडी येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. झोपडी बांधून डोंगरावर अभ्यास करणाऱ्या मुलीची बातमी गाजली, कौतुक झालं, आणि टॉवर हाच जणू प्रश्न ठरला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात टॉवर असून नसल्यासारखे झाले. कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. टाळेबंदीचे नियम चालू, क्वारंटाइन चालू, आणि ते कळवणारं यंत्र मेलेलं. माड-सुपारी आडवी, घराचे कोने-पत्रे उडालेले, आणि नुकसानीच्या यादीत आपलं नाव लागलं का हे पाहायला तलाठी गाठायचा. पुढच्या मे महिन्यात तौक्ते, जुलैत चिपळूण-महाडचा पूर. म्हणजे कोकणात जेव्हा सरकारशी बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच फोन हमखास बंद असतो. उद्या प्रत्येक वाडीला टॉवर दिला तरी हे बदलणार नाही. आणि चिपळूणकरांनी वाशिष्ठीतला गाळ काढण्याची मागणी शेवटी कशी पुढे रेटली? डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषणाला बसून. तोवर निवेदनं, मेल, ट्वीट यांची काही उणीव नव्हती.

सरकारने खरोखर मत मागवलं अशीही उदाहरणं आहेत. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, राजपत्रात आला. खाणी, बंदरं, रासायनिक कारखाने यांच्या जनसुनावणीचे नियम ठरवणारा कागद, म्हणजे दोडामार्गपासून लोट्यापर्यंत सगळ्यांच्या दारातला. दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणायला सांगितलं. केंद्र सरकार भाषांतर करण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयात गेलं. देशभरातून हरकतींच्या लाखो मेल गेल्या, तरुणांनी पाठवल्या, त्या दबावाचा उपयोगही झाला. तो मसुदा त्या रूपात अंतिम झाला नाही. ऑनलाइन सहभागाची ताकद म्हणून हे उदाहरण देतात, आणि ते खोटं नाही. पण खाणीशेजारच्या कळण्यातल्या माणसाची हरकत त्या ढिगात किती होती? पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा ३१ जुलै २०२४ ला पुन्हा निघाला, ६० दिवसांत हरकती मागवल्या, तेव्हाही मेलचा पत्ता हाच मुख्य दरवाजा होता. साथ गेली, सवय राहिली.

यावर आक्षेप येतो की ऑनलाइनमुळे ज्यांना कधीच आवाज नव्हता त्यांना मिळाला. ग्रामसभेत मानकऱ्यांपुढे उभी न राहणारी सून व्हॉइस नोट पाठवू शकते. तिला टाइप करता यायची गरज नाही. बरोबर आहे. चार गावांत हे घडलेलंही असेल. म्हणूनच फोन टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. व्हॉइस नोटची नोंद कुठे होते, एवढंच मला विचारायचं आहे. ग्रुपवरचा प्रश्न दुसऱ्या दिवशी शुभेच्छांच्या फुलांखाली गाडला जातो. तो प्रोसिडिंग बुकात उतरला, त्याला क्रमांक पडला, आणि पुढच्या सभेत त्याचं उत्तर वाचून दाखवणं बंधनकारक झालं, तरच तो सहभाग. नाहीतर ते फक्त मन मोकळं करणं.

चाकरमान्यालाही बाहेर ठेवून चालणार नाही. त्याचं घर, त्याची कलमं, त्याचे आई-बाप गावात आहेत. त्याला ग्रामसभेत दूरवरून बोलता यावं, म्हणणं नोंदवता यावं. ठराव मात्र गावच्या मतदारांनी, हात वर करून. आणि साथ असो वा वादळ, ग्रामसभा स्थगित करण्याचा अधिकार वरच्या कुणालाच नसावा. तिचा आकार लहान करता यावा, वाडीवार, महिलांची आधी. सरकारी योजना कुठलीही असो, ऑनलाइन अर्जाबरोबर ग्रामपंचायतीत कागदावर अर्ज घ्यायची आणि सही-शिक्क्याची पोच द्यायची सक्ती हवी, म्हणजे पाचलच्या आजीला परळच्या ओटीपीची वाट पाहावी लागणार नाही.

हे सगळं करणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. ग्रामसेवकाचं नाव २०२४ मध्ये बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण अनेक ठिकाणी एकाच माणसाकडे दोन-तीन ग्रामपंचायती आहेत, आणि त्याचा निम्मा दिवस वेगवेगळ्या पोर्टलवर तीच ती माहिती भरण्यात जातो. त्याच्यावर प्रोसिडिंगची आणखी पानं लादायची तर आधी रिकामी पदं भरावी लागतील आणि त्या पोर्टलांपैकी काही बंद करावी लागतील. कोणती, ते त्यालाच विचारा. यादी तयार असेल त्याच्याकडे.